बोंडाचं काय करायचं?

एप्रिलचा दुसरा पंधरवडा सुरू झाला की नेसरीहून अडकूरकडे जाताना गाडीत एक वास शिरतो. गोड, आंबूस, नाकाला जरा झोंबणारा. ऊस मागे पडतो, माती लाल होत जाते, आणि रस्त्याच्या चढाला काजूची झाडं दिसू लागतात. वास त्यांच्या पायथ्याशी पडलेल्या बोंडांचा. पिवळी, तांबडी, केशरी बोंडं दिवसभर उन्हात शिजतात, रात्री आंबतात. त्यांतली बी कुणीतरी सकाळीच काढून नेलेली असते.

या अंकासाठी संपादकांनी विषय दिला होता ‘दुर्लक्षित चवी’, आणि सोबत एक सूचना. इटलीत म्हणे जुन्या देशी वेलींच्या विस्मृतीत गेलेल्या पांढऱ्या वाइन पुन्हा उजेडात येत आहेत, तसं आपल्याकडे काही सापडतं का बघा. डोळ्यांसमोर नाशिक येणं साहजिक होतं. पण नाशिकची पांढरी वाइन होते ती शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ या द्राक्षांची. दोन्ही मूळची फ्रान्सची, आणि आपल्याकडे गेल्या पंचवीस-तीस वर्षांतच रुजलेली. तिथे मेहनत आहे, बाजार आहे, नावही झालं आहे. त्यांना दुर्लक्षित कोण म्हणेल? मला हवी होती जुनी झाडं, पिढ्यानपिढ्या एकाच मातीत आपोआप उगवलेली, आणि त्यांच्यातून निघणारं असं काहीतरी की ज्याची चव घेण्याआधीच आपण ते टाकून देतो. म्हणून नेसरी गाठली.

नेसरीचं नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते खिंडीमुळे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर सहा साथीदारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले ते इथे. स्मारक बघायला माणसं लांबून येतात आणि माघारी जातात. गाव मात्र दोन मुलुखांच्या सांध्यावर आहे, हे थांबल्याशिवाय कळत नाही. उत्तरेला गडहिंग्लज, काळी माती, ऊस. पश्चिमेला आणि दक्षिणेला चंदगड, लाल माती, वाढत जाणारा पाऊस. काजू या दुसऱ्या मुलुखाचा. तो मूळचा ब्राझीलचा, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेला, तिथून घाट चढून इकडे आलेला. पण मिरची तरी मूळची आपली कुठे होती?

बी घ्यायची, बोंड टाकायचं

सकाळी साडेसहाला माळावर दोघी सासवा-सुना आणि एक शाळकरी पोरगा होता. काम साधं दिसतं. वाकायचं, पडलेलं बोंड उचलायचं, खालची राखाडी बी धरून पीळ द्यायचा, बी पोत्यात आणि बोंड तिथंच. तासाभरात माझी कंबर बोलू लागली. सासूबाईंचा हात थांबत नव्हता. बोंडाच्या रसाचा डाग कपड्यावरून जात नाही, म्हणून तिघांच्याही अंगावर जुनेरं.

बोंड हे खरं म्हणजे फळ नव्हे. फळ म्हणजे ती बी. बोंड हा तिचा फुगलेला देठ. पण वजनात हा देठच भारी. बी साधारण पाच ते दहा ग्रॅमची, आणि बोंड तिच्या सहा ते दहा पट. म्हणजे या घरानं मोसमात दहा पोती बी विकली, तर साठ ते शंभर पोत्यांच्या वजनाचं फळ माळावर सोडलं. त्यात रस भरपूर आणि ‘क’ जीवनसत्त्व संत्र्याच्या चार-पाच पट.

मग ते विकत का नाहीत? मी विचारलं तसं सासूबाई पाठ सरळ करून म्हणाल्या, “बोंडाला कोण इचारतंय, ताई? आडकूरला न्हेस्तोवर त्येचं पाणी हुतंय.”

सगळं अर्थशास्त्र या एका उत्तरात आलं. बोंडाची साल कागदासारखी पातळ. टोपलीत एकावर एक रचली की खालची फुटतात. सकाळी पडलेलं बोंड संध्याकाळी आंबायला लागतं, दुसऱ्या दिवशी हातात धरवत नाही. बी मात्र वाळवून पोत्यात भरली की महिनोन्‌महिने टिकते, भाव बघून विकता येते. अडीअडचणीला दुकानदार ती उसनवारीतही घेतो. शिवाय बोंड घसा धरतं. त्यातल्या टॅनिनमुळे पहिला घास गोड लागतो आणि दुसऱ्याला जीभ खरखरीत होते. पोरं मीठ लावून दोन-चार खातात, काही जनावरांपुढे जातात, उरलेली मातीत.

घाटमाथ्यावर आणखी एक अडचण आहे. कोकणात मार्चमध्ये ऐन भरात असलेला काजू इथे थंडीमुळे उशिरा धरतो, एप्रिल-मेपर्यंत चालतो, आणि नेमका वळवाच्या तोंडी सापडतो. एक सर आली की पडलेली बी काळवंडते आणि बोंडाचा चिखल होतो. म्हणून मोसमभर घाई. घाईत माणूस किमतीची वस्तू आधी उचलतो, त्यात त्याचा काय दोष?

अणसूरचं झाड, वेतोऱ्याचं झाड

त्या माळावर दोन तऱ्हेची झाडं होती. खालच्या अंगाला ओळीत लावलेली, बुटकी, एकसारखी कलमं. वरच्या अंगाला कातळाच्या कडेनं वेडीवाकडी पसरलेली, फांद्या जमिनीला टेकलेली म्हातारी झाडं. ती कुणी लावली हे घरात कुणाला सांगता येत नव्हतं. पक्ष्यानं टाकली असतील किंवा आजेसासऱ्यांनी मूठभर बी फेकली असेल. त्यांना इथे गावठी म्हणतात. एका झाडाची बोंडं पिवळी आणि लांबट, शेजारच्याची तांबडी आणि गोल, तिसऱ्याची बोरापेक्षा थोडी मोठी पण मधासारखी गोड. बीपासून उगवलेलं प्रत्येक झाड वेगळं निघतं, तसा हा सगळा माळच एकमेकांहून वेगळ्या झाडांचा.

कलमांची कथा वेंगुर्ल्यात घडली. तिथल्या फळ संशोधन केंद्रानं कोकणातली गावठी झाडं तपासून, निवडून, संकर करून ‘वेंगुर्ला’ या नावाच्या जाती दिल्या. वेंगुर्ला-१ म्हणजे अणसूर गावातल्या झाडाची निवड, १९७४ सालची. वेंगुर्ला-४ आली १९८१ मध्ये. तिच्या एका बाजूला बंगालकडची मिदनापूर रेड, दुसऱ्या बाजूला वेतोरे गावचं झाड. १९९७ ची वेंगुर्ला-७, जिची दहा ग्रॅमची टपोरी बी आज बाजार गाजवते, तिच्याही वंशावळीत अणसूर आणि वेतोरे आहेतच. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि ही कलमं डोंगर चढून चंदगड-आजऱ्यापर्यंत पोचली. त्यांनी घरं उभी केली, पोरांची शिक्षणं केली. त्यांच्याबद्दल वाकडा शब्द काढायला माझी जीभ रेटत नाही.

पण एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. एवढी सगळी निवड झाली ती बीसाठी. बी किती मोठी, झाडाला किती, गर किती निघतो. बोंडाचा रस कसा लागतो, त्याला वास कुठला, हा प्रश्न त्या निवडीत कडेलाच राहिला. त्यामुळे लहान बी देणारं पण सुगंधी बोंडाचं झाड आपल्या हिशेबात वाया गेलेलं झाड ठरतं. माळावरच्या म्हाताऱ्या झाडांपैकी काही गेल्या दोन-तीन वर्षांत सरपणाला गेली, जागी कलमं आली. सुनेनं बुंधे दाखवले. ती मधासारखी गोड बोंडं देणारं झाडही यंदा काढायचं चाललं होतं, कारण त्याची बी व्यापारी चाळणीखाली टाकतो.

घाट उतरल्यावर

हेच फळ तिलारीचा घाट उतरून, दोडामार्ग ओलांडून गोव्यात शिरलं की त्याची पत बदलते. साखळी, वाळपई, सत्तरीचा सगळा डोंगराळ भाग मार्च ते मे या एका फळाभोवती फिरत असतो. तिथे आधी बोंड, मग बी.

वाळपईच्या पुढे ओढ्याकाठच्या एका भट्टीवर मी दिवस काढला. झावळ्यांचं छप्पर, तिन्ही बाजू मोकळ्या. पहाटेच माणसं टोकाला खिळा लावलेल्या काठ्या घेऊन डोंगरात गेली होती. काठीनं बोंड टोचून उचलायचं, वाकावं लागत नाही. झाडावरचं बोंड कुणी तोडत नाही. पिकून आपणहून जमिनीवर आलेलंच घ्यायचं, हा दंडक. हिरवट बोंडाचा रस भट्टी बिघडवतो.

आठच्या सुमारास डोक्यावरून बोंडं येऊ लागली. बी पिळून बाजूला झाली आणि बोंडं कोळंबीत पडली. कोळंबी म्हणजे जांभ्या दगडात कोरलेला उथळ हौद, एका कोपऱ्याला उतार आणि भोक. दोघेजण पाय धुऊन आत उतरले आणि तुडवायला लागले. आता बऱ्याच ठिकाणी यंत्रं आली आहेत, इथे अजून पाय होते. तुडवून झालेल्या चोथ्याचा त्यांनी ढीग केला, त्याला रानवेलीनं गोल आवळत नेलं आणि वर दगड ठेवला. त्या दाबानं थेंबथेंब जो रस पाझरतो तो नीरो. तुडवलेला रस गढूळ आणि कडसर, नीरो मात्र स्वच्छ, फिकट सोनेरी. भट्टीच्या मालकांनी करवंटीत तो मला दिला. “बाय, पयलीं हें चाखून पळय.”

मी आजवर चाखलेल्या कुठल्याही फळाच्या रसासारखा तो नव्हता. आधी पिकल्या अननसाचा भास, मग ओल्या मातीचा, आणि शेवटी घशात एक बारीकशी कात्री. नेसरीच्या माळावर जो घसा धरणारा दोष होता तोच इथे चवीचा कणा झाला होता.

तुडवलेला रस जमिनीत कमरेइतक्या पुरलेल्या मातीच्या मडक्यांत जातो. बऱ्याच भट्ट्यांत आता निळी प्लास्टिकची पिंपं असतात. त्यात साखर नाही, पाणी नाही, विकतचं यीस्ट नाही. हवेतलं आणि सालीवरचं जे यीस्ट आहे तेवढंच. रस तीन-चार दिवस बुडबुडतो, मडक्याला कान लावला की आत तव्यावर तेल तडतडावं तसा आवाज येतो. आवाज मंदावला की रस भाणात, म्हणजे उकळायच्या हंड्यात, ओततात. भाणाचं तोंड लाकडी बुचानं बंद करून वारुळाची माती आणि चिंधी लावून लिंपतात. वाफ नळीवाटे लावणीत, म्हणजे पाण्यानं थंड ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात, जाते आणि पाणी होऊन साठते. आच किती ठेवायची हे कुठल्याही काट्यावर लिहिलेलं नाही. मालक लाकूड एक वीत आत सरकवत, एक वीत बाहेर ओढत. आच वाढली तर करपट वास वर चढतो, आणि तो मग कशानं जात नाही.

पहिल्या उकळीत निघतो तो उर्राक. हलका, फळाचा वास जपणारा, टिकायला मात्र कच्चा. मोसमातच प्यायचा, पावसाळा लागेपर्यंत संपवायचा. त्यात आंबलेला रस घालून पुन्हा उकळलं की फेणी. तिचा जोर अजूनही पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या ‘ग्राव’ या मापानं मोजतात आणि ती एकोणीस-वीस ग्रावची लागते. पण मालकांनी आधी मोजलं नाही. त्यांनी बाटलीत थोडी घेऊन हलवली, वर येणारे बुडबुडे किती मोठे आणि किती वेळ टिकतात ते पाहिलं, मान हलवली आणि मग माप लावलं. माप त्यांच्या मानेशी जुळलं.

कलमी बोंड की गावठी, हे मी विचारलंच. त्यांच्या मते कलमी बोंडाचा रस जास्त निघतो, वास गावठीचा चांगला, आणि भट्टीत दोन्ही मिसळलेलीच असतात, कारण डोंगरात झाडंही मिसळलेलीच आहेत. कुठल्या झाडाचं बोंड कसं, हे त्यांना आणि बोंडं गोळा करणाऱ्यांना पाठ होतं. ओढ्याच्या वळणावरचं, देवळामागचं, कातळावरचं. ही ओळख नेसरीतही आहे. ती मधासारख्या बोंडाची खूण सुनेनं मला झाडाकडे न बघताच सांगितली होती. फरक इतकाच की सत्तरीत त्या ओळखीला दाम मिळतो.

हद्दीच्या अलीकडे, पलीकडे

हा दाम आकाशातून पडलेला नाही. गोव्यात अबकारी खातं भट्टीचे परवाने देतं, काजूच्या पट्ट्यांचे लिलाव होतात. २००९ मध्ये गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, गोव्यातली तशी ती पहिलीच वस्तू. २०१६ मध्ये राज्यानं तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. तरीही ती अनेक वर्षं कागदोपत्री देशी दारूच राहिल्यामुळे गोव्याबाहेर विकणं जिकिरीचं झालं, याची खंत तिथे ऐकू येते.

आणि अलीकडे? महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली घरच्या हंड्यावर बोंडाचा रस उकळला तर ती हातभट्टी, म्हणजे गुन्हा. हद्दीलगतच्या दोडामार्गाकडची बोंडं टेम्पोतून गोव्याच्या भट्ट्यांवर जातात. तेवढ्या अंतरात ती टिकाव धरतात. नेसरीहून नेईपर्यंत टिकत नाहीत.

सरकारला हे कळलेलं नाही असं नव्हे. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं काजूबोंडं आणि मोहफुलं यांच्यापासून केलेल्या मद्याला देशीऐवजी विदेशी मद्याचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. २०२३ च्या अर्थसंकल्पात काजू बोर्ड आणि पाच वर्षांसाठी १,३२५ कोटींची काजू फळ विकास योजना जाहीर झाली, बोंडावर प्रक्रिया करण्याचा उल्लेख त्यात होता. योजनेत कोकणाबरोबर कोल्हापूर जिल्ह्यातले चंदगड आणि आजरा हे दोन तालुके नावानिशी आहेत. नेसरी गडहिंग्लज तालुक्यात येते. माळ तोच, माती तीच, आणि तालुक्याची शीव मधे.

दारूचं नाव काढलं की या बाजूच्या बायकांचे चेहरे बदलतात, आणि ते बदलायलाच हवेत. आडव्या बाटलीसाठी मतदान करून दुकानं बंद पाडणाऱ्या बायकांचं हे राज्य आहे. सासूबाई स्पष्ट बोलल्या, “भट्टी बिट्टी नगं बाई. गोव्याचं गोव्याला. हितं बापय आदीच काय कमी पित्यात?” या बोलण्याला बगल देऊन उत्तम मद्याच्या गोष्टी करणं मला जमणार नाही. परवानाधारक कारखाना वेगळा आणि गल्लीतली हातभट्टी वेगळी, हे खरं. पण ज्यांच्या घरात रोज संध्याकाळी भांडण होतं त्यांच्यापुढे हा फरक मांडताना शब्द अडतात.

तोरतोनाच्या टेकड्या

संपादकांनी सुचवलेल्या इटलीकडे थोडं वळते. वायव्य इटलीत पिएमोन्त प्रांतात तोरतोना नावाचं जुनं शहर आहे. आसपासच्या टेकड्यांवर तिमोरास्सो नावाचं पांढरं द्राक्ष पूर्वापार होतं. उत्पन्न लहरी, घड नीट धरत नाहीत. वेलींवर फिलॉक्सेराची कीड येऊन गेल्यावर नव्यानं लागवड झाली तेव्हा शेतकऱ्यांनी कोर्तेझे या भरवशाच्या द्राक्षाला जवळ केलं, आणि तिमोरास्सो इकडेतिकडे तुरळक उरलं. १९८० च्या दशकात मोनलेआले गावच्या वॉल्टर मास्सा या शेतकऱ्यानं ते उचलून धरलं, वेगळं आंबवलं, बाटलीत भरून काही वर्षं राहू दिलं. भरदार, वर्षागणिक मुरत जाणारी वाइन निघाली. हळूहळू शेजारी आले. आज ती वाइन शहराच्या प्राचीन नावानं, देर्तोना म्हणून, विकली जाते.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं की मास्सा यांनी सुरुवात केली तेव्हा ती वेल अजून कुणाच्या तरी बांधावर उभी होती. ती आधीच उपटली गेली असती तर कौशल्य आणि बाजार दोन्ही असून उपयोग नव्हता.

पाच ग्रॅम साबुदाणा

नेसरीतली शेवटची गोष्ट एका स्वयंपाकघरातली. गावातल्या एका बचत गटातल्या बायकांनी बोंडाचं सरबत करून पाहायचं ठरवलं होतं. कृती केरळ कृषी विद्यापीठानं रूढ केलेली, सोपी. बोंडं धुऊन, कापून, पिळून रस काढायचा. लिटरभर रसाला पाच ग्रॅम साबुदाणा घ्यायचा, थोड्या पाण्यात शिजवून पारदर्शक खळ करायची, ती गार करून रसात ढवळायची आणि भांडं हलवायचं नाही.

आम्ही सगळ्या त्या पातेल्याभोवती बसून होतो. आधी काहीच होत नाही. मग गढूळ रसात बारीक पांढरट तंतू दिसू लागतात. साबुदाण्याची खळ टॅनिनला धरते आणि दोन्ही जड होऊन खाली बसू लागतात. काही तासांनी वर उरतो फिकट पिवळा, नितळ रस. घसा धरणारी कात्री गेलेली. सासूबाईंनी पळीभर घेतला, तोंडात घोळवला आणि म्हणाल्या, “आता पोरास्नी देऊ या.” एका बाईनं त्यात आलं घातलं. तेही छान लागलं, पण मला नुसताच आवडला.

काजूच्या मायदेशी, ब्राझीलच्या पियाउई राज्यात, असाच नितळ केलेला रस बाटलीत भरून, बाटल्या पाण्यात तासन्‌तास तापवून सोनेरी करतात. त्याला काजुइना म्हणतात, त्यात मद्याचा थेंब नाही. २०१४ मध्ये ब्राझीलनं ती करण्याची परंपरा राष्ट्रीय वारशात नोंदवली. म्हणजे सासूबाईंच्या आक्षेपाला धक्का न लावताही बोंडाला मान मिळू शकतो.

गटाची अडचण पुढची होती. एका दिवसात किती बोंडं धुऊन होतील? सकाळी सातला वेचलेलं बोंड दहापर्यंत पिळलं गेलं पाहिजे. त्यासाठी पाच-सात किलोमीटरच्या आत पिळायची जागा हवी, पाणी हवं, वीज न जाणारे दोन तास हवेत, बाटली तापवायची कढई हवी आणि खाद्यपदार्थाचा परवाना हवा. यांतलं काहीच अशक्य नाही. यांतलं एकही चुकलं तर त्या दिवसाचा सगळा माल जातो, म्हणून कुणी एकटं धाडस करत नाही. गटानं या मोसमात दोन घरांच्या माळावरची बोंडंच घेतली आणि रस गावातल्या लग्नांत वाटला. पुढच्या वर्षी विकायचा विचार आहे. भाव किती लावायचा यावरून दुपारभर वाद चालला आणि ठरलं नाही.

त्या मधासारख्या झाडाचा विषय मात्र त्याच दुपारी निघाला. सुनेनं सांगितलं की सरबताला त्याचंच बोंड सगळ्यांत चांगलं उतरलं, साबुदाणाही कमी लागला. सासऱ्यांचं म्हणणं, पावसाआधी ते काढून तिथे दोन कलमं लावली तर चौथ्या वर्षापासून बी सुरू होईल. दोघांचाही हिशेब बरोबर आहे. मी निघाले तेव्हा झाड उभं होतं, आणि त्याच्या फांदीचे डोळे काढून शेजारच्या रोपावर बांधता येतील का, हे विचारायला सून वेंगुर्ल्याच्या केंद्राचा फोन नंबर शोधत होती.